बारा घटना, चार काउंटर: प्रोसेसरच्या आतल्या मोजणीची पाळी कशी लागते?

लिनक्सवर ‘पर्फ’ नावाचे एक साधन आहे. ते वापरून एखादा प्रोग्रॅम चालवला आणि प्रोसेसरने किती सूचना पार पाडल्या, घड्याळाचे किती ठोके खर्ची पडले, हवी ती माहिती कॅश मेमरीत, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या पण वेगवान साठ्यात, किती वेळा सापडली नाही, अशा डझनभर गोष्टी (यांना ‘घटना’ म्हणतात) एकदम विचारल्या, तर उत्तरादाखल आकड्यांची एक नीटनेटकी यादी मिळते. आकडे कोट्यवधींचे असले तरी एकम स्थानापर्यंत छापलेले असतात, त्यामुळे पाहताक्षणी त्यांच्यावर विश्वास बसतो. मात्र त्याच ओळीच्या उजव्या टोकाला कंसात ३३.३१% असे काहीतरी लिहिलेले असते आणि त्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. ती टक्केवारी सांगते की प्रोग्रॅम जेवढा वेळ चालला त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळच ही घटना मोजली गेली, आणि बाकीच्या वेळेचा हिशेब गुणाकार करून भरून काढला आहे.

मोजणीच्या यादीत असा अंदाज का मिसळावा लागतो, याचे उत्तर हार्डवेअरच्या एका साध्या मर्यादेत आहे: मोजायच्या घटना शेकडो असतात आणि त्या मोजणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. कोणत्या घटनेला कोणते यंत्र द्यायचे आणि किती वेळ द्यायचे, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ठरवतो. ही वाटणी कशी होते ते एकदा कळले की यादीतल्या कोणत्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची हे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवता येते.

काउंटर म्हणजे नेमके काय?

प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये काही खास रजिस्टरे असतात. रजिस्टर म्हणजे एकच संख्या धरून ठेवणारी, अतिशय वेगवान अशी जागा. यातली काही रजिस्टरे जोडीने काम करतात: जोडीतल्या एकात ‘काय मोजायचे’ याचा संकेतांक लिहायचा, आणि मग ती घटना घडेल तसतसा दुसऱ्यातला आकडा आपोआप एकेकाने वाढत जातो. ही जोडी म्हणजेच हार्डवेअर काउंटर. मोजणी सर्किटच करत असल्यामुळे चालू प्रोग्रॅमचा वेग जवळजवळ कमी होत नाही, आणि हाच या सोयीचा मोठा फायदा आहे.

१९९३ साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये असे दोन काउंटर होते. पुढे संख्या वाढली, पण फारशी नाही. इंटेलच्या सँडी ब्रिजपासून स्कायलेकपर्यंतच्या पिढ्यांमध्ये हायपरथ्रेडिंग चालू असताना, म्हणजे एकच कोअर ‘थ्रेड’ नावाचे दोन कामांचे प्रवाह एकदम चालवत असताना, प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला कोणतीही घटना मोजू शकणारे चार काउंटर येतात. त्यांच्या जोडीला तीन ‘बांधलेले’ काउंटर असतात आणि ते ठरावीक गोष्टीच मोजतात, जसे की पूर्ण झालेल्या सूचना किंवा घड्याळाचे ठोके. आइस लेकपासून चाराचे आठ झाले. एएमडीने बराच काळ चारांवर भागवले, नंतर सहा दिले. अनेक फोनमध्ये असलेल्या आर्म कॉर्टेक्स-ए५३ या कोअरमध्येही सहा काउंटर आणि ठोक्यांसाठी एक स्वतंत्र काउंटर, असा संच आहे.

असे असेल तर काउंटर सरळ पन्नास का बसवत नाहीत? ही शंका रास्त आहे. काउंटरचे सर्किट स्वतः लहान असते. खर्च येतो तो चिपच्या कानाकोपऱ्यातून घटनांचे संकेत त्याच्यापर्यंत आणण्याचा. शेकडो घटनांपैकी कोणतीही निवडता यावी, अशी प्रत्येक काउंटरची सोय करायची तर तारांचे जाळे पसरत जाते, आणि हे जाळे ज्याला कधीच काही मोजायचे नसते त्या ग्राहकाच्या चिपवरही जागा अडवते. म्हणून कंपन्या इथे हात आखडता घेतात. याच काटकसरीपायी काही घटनांच्या तारा सगळ्या काउंटरपर्यंत पोहोचवलेल्याच नसतात, आणि कर्नलची खरी कसरत तिथून सुरू होते.

एका मोठ्या चौकात वाहने मोजायला चार माणसे उभी आहेत असे समजावे. प्रत्येकाला एका वेळी एकाच प्रकारचे वाहन मोजता येते. मोजायचे प्रकार मात्र बारा आहेत, आणि त्यातही एक गल्ली अशी आहे की ती फक्त तिसऱ्या माणसाच्या जागेवरूनच दिसते. या चौघांचा मुकादम म्हणजे कर्नल. त्याच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोणाला कुठे उभे करायचे हा जागेचा प्रश्न, आणि बारापैकी कोणते चार प्रकार आत्ता मोजायचे हा वेळेचा.

जागेचा प्रश्न: आधी अडलेल्याला बसवा

सँडी ब्रिज पिढीतले एक खरे उदाहरण घेऊ. पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये न सापडलेल्या माहितीसाठी किती मागण्या अजून प्रलंबित आहेत, हे मोजणारी एक घटना तिथे आहे, आणि ती फक्त २ क्रमांकाच्या काउंटरवरच मोजता येते. (काउंटरचे क्रमांक ० ते ३ असे असतात.) आता कुठेही चालणाऱ्या तीन साध्या घटना आधी आल्या आणि कर्नलने आल्या क्रमाने त्यांना ०, १ आणि २ या जागा देऊन टाकल्या, तर चौथी म्हणून आलेल्या या अडेल घटनेला जागा उरत नाही. ३ क्रमांकाचा काउंटर रिकामा आहे, तरीही ती बाहेरच राहते.

यावरचा तोडगा सोपा आहे. प्रत्येक घटना किती काउंटरवर चालू शकते हे पाहायचे, आणि जिला सर्वांत कमी पर्याय आहेत तिला आधी बसवायचे. लिनक्सचा कर्नल इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर नेमके हेच करतो. घटनेपुढे असलेल्या पर्यायांच्या संख्येला तिथे तिचे ‘वजन’ म्हणतात, आणि हलक्या वजनाच्या घटनेचा नंबर आधी लागतो.

बहुतेक वेळा एवढ्याने भागते, पण सदासर्वदा नाही. एएमडीच्या सहा काउंटरवाल्या एका पिढीत, म्हणजे फॅमिली १५एच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोसेसरमध्ये, ही पद्धत तोंडघशी पडू लागली. तिथे एका घटनेला ० आणि ३ हे दोनच काउंटर चालतात असे समजा, आणि दुसऱ्या प्रकारच्या तीन घटनांना ०, १, २ हे तीन चालतात. हलक्या वजनाची म्हणून पहिली घटना आधी येते आणि समोर दिसणारी पहिली मोकळी जागा, म्हणजे ०, पटकावते. उरलेल्या तिघींपैकी दोघी १ आणि २ वर बसतात, आणि तिसरी उभीच राहते. पहिलीला ३ वर बसवले असते तर चौघींची सोय झाली असती, पण तिला जागा देताना मागून कोण येणार आहे याचा विचारच झाला नव्हता.

अशा प्रसंगी मागे फिरता यावे म्हणून २०११-१२ च्या सुमारास कर्नलमध्ये सुधारणा झाली. ज्या घटनांच्या जागा अशा आडव्यातिडव्या गुंतलेल्या असतात त्यांच्यावर एक खूण केलेली असते. खूण असलेल्या घटनेला जागा देण्याआधीची स्थिती कर्नल बाजूला लिहून ठेवतो, आणि पुढे गाडे अडले तर त्या स्थितीपर्यंत मागे येऊन दुसरा पर्याय चाचपून पाहतो. अशा जेमतेम दोन स्थिती तो लक्षात ठेवतो.

गणित जाणणारा वाचक इथे हरकत घेईल, आणि घ्यायलाच हवी. घटना आणि काउंटर यांच्या जोड्या जुळवण्याचा हा प्रश्न गणितात केव्हाच सुटलेला आहे. हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, जुळणी शक्य असेल तर ती हमखास सापडते. मग कर्नल हे अर्धेमुर्धे मागे फिरणे का पसंत करतो? कारण ही जुळवाजुळव निवांतपणी होत नाही. मोजणी चालू असलेला प्रोग्रॅम कोअरवर येतो तेव्हा आणि पाळी बदलते तेव्हा ती करावी लागते, तीही इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद ठेवून, म्हणजे त्या कोअरवरचे बाकी सारे थोपवून. तिथे मायक्रोसेकंदांनाही किंमत असते. शिवाय काउंटर इतके थोडे आहेत की सरळधोपट पद्धत बहुतेकदा पहिल्याच फटक्यात यशस्वी होते. म्हणून कर्नल जुळवाजुळवीत शिरण्यापूर्वी एक जवळची वाट धरून पाहतो: प्रत्येक घटना मागच्या वेळी ज्या काउंटरवर होती तो अजून मोकळा आणि चालण्याजोगा असेल, तर तिला तिथेच बसवून मोकळा होतो. माझ्या मते हा व्यवहारी निर्णय योग्यच आहे.

वेळेचा प्रश्न: जागा संपल्यावर लागणारी पाळी

कितीही चतुराईने बसवले तरी चार जागांवर बारा घटना मावत नाहीत. तेव्हा कर्नल पाळी लावतो, आणि या पाळीपाळीने मोजण्याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. चौकातला मुकादम दर थोड्या वेळाने ‘आता तुम्ही दुचाकी सोडा आणि बस मोजा’ असे सांगतो, तसाच हा प्रकार आहे. हा ‘थोडा वेळ’ किती, ते कर्नलचे घड्याळ सेकंदाला किती टिकटिक करते यावर ठरते: सेकंदाला २५० असतील तर ४ मिलिसेकंद, १००० असतील तर १ मिलिसेकंद. पूर्वी पाळी त्या टिकटिकीलाच जोडलेली होती. पण वीज वाचवण्यासाठी रिकामा कोअर आपली टिकटिक थांबवतो, आणि मग त्याच्याबरोबर पाळीही थांबायची. २०१३ मध्ये पाळीला स्वतःचा वेगळा टायमर मिळाला तो याच अडचणीमुळे.

रांग कशी सरकते हेही जवळून पाहण्यासारखे आहे. दर पाळीला चारही घटना उठून नव्या चार बसतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कर्नल रांगेतल्या पहिल्या घटनेला उचलून शेवटी नेतो आणि पुन्हा पुढून बसवायला सुरुवात करतो. म्हणजे पहिल्या पाळीत १ ते ४, दुसऱ्या पाळीत २ ते ५, मग ३ ते ६, अशी खिडकी एकेक घराने पुढे सरकते. बारा पाळ्या झाल्या की प्रत्येकीला चार वेळा संधी मिळालेली असते, आणि सुरुवातीला उल्लेख केलेली ३३ टक्क्यांच्या आसपासची टक्केवारी तिथून येते.

बसवताना एखादी घटना मावली नाही तर कर्नल तिथेच थांबतो. तिच्या मागे उभी असलेली एखादी घटना उरलेल्या जागेत सहज मावली असती, तरी तिला पुढे घेतले जात नाही आणि तो काउंटर त्या पाळीपुरता रिकामा राहतो. वरकरणी हा गचाळपणा वाटतो. पण मावणाऱ्यांना सतत पुढे घेत गेले तर जास्त जागा मागणाऱ्याची वेळ कधीच येणार नाही. रांगेला अर्थ राहावा म्हणून थोडी जागा वाया घालवणे कर्नलने पत्करले आहे. जास्तीत जास्त काउंटर भरलेले असणे आणि प्रत्येकाला न्याय मिळणे या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, आणि इथे झुकते माप न्यायाला दिलेले आहे.

गुणाकार करून खरा आकडा मिळतो का?

प्रत्येक घटनेसोबत कर्नल वेळेच्या दोन नोंदी ठेवतो. पहिली म्हणजे मोजणीची विनंती चालू होती तो काळ, आणि दुसरी म्हणजे घटना खरोखर काउंटरवर बसलेली होती तो काळ. यातली पहिली वेळ प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालत असतानाच पुढे सरकते. तो कोअर मिळण्याची वाट पाहत असेल तर तेवढा वेळ धरला जात नाही. समजा विनंती १ सेकंद चालू होती, घटना ०.४ सेकंद काउंटरवर होती आणि तेवढ्यात ३० कोटी भरली, तर पर्फ ३० कोटींना १ भागिले ०.४ ने, म्हणजे अडीचने, गुणून ७५ कोटी दाखवतो आणि शेजारी ४०% लिहितो. कर्नल कच्चा आकडा आणि दोन्ही वेळा प्रामाणिकपणे देतो. गुणाकार वरच्या थरातले साधन करते.

या गुणाकारामागे एक मूक गृहीतक आहे: ज्या वेळात मोजले नाही, त्या वेळातही सारे काही मोजलेल्या वेळासारखेच घडत होते. प्रोग्रॅम तासभर एकच आकडेमोड करत असेल तर हे गृहीतक चालून जाते, कारण हजारो पाळ्यांमध्ये चढउतार एकमेकांत मुरून जातात. पण बहुतेक प्रोग्रॅम आधी फायली वाचतात, मग माहितीची मांडणी करतात, मग गणित करतात आणि शेवटी लिहितात. एखाद्या घटनेची पाळी योगायोगाने गर्दीच्या टप्प्यातच येत राहिली तर आकडा फुगतो, आणि सामसुमीत आली तर आटतो. प्रोग्रॅमचे टप्पेच ठरावीक तालात येत असतील आणि तो ताल पाळीच्या तालाशी जुळला, तर कितीही वेळ मोजले तरी चूक भरून निघत नाही.

अगदी छोट्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर गुणाकार करायलाही काही हाती नसते. तीन मिलिसेकंदांत संपणाऱ्या प्रोग्रॅमसाठी चार मिलिसेकंदांची पाळी एकदाही बदलत नाही. रांगेतल्या पहिल्या चार घटना पूर्ण मोजल्या जातात, आणि उरलेल्या आठांसमोर ‘मोजले नाही’ असा शेरा येतो. यात बिघाड काही नसतो.

मग पाळी आणखी जलद का फिरवू नये? तो कालावधी बदलता येतो, पण मिलिसेकंदाच्या खाली उतरता येत नाही. शिवाय प्रत्येक पाळीला काउंटर थांबवणे, वाचणे, नवे संकेतांक लिहिणे आणि पुन्हा सुरू करणे हे सारे करावे लागते, आणि ही रजिस्टरे लिहिणे प्रोसेसरच्या दृष्टीने संथ काम असते. फार घाई केली तर मोजणीचाच भार मोजल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमवर पडू लागतो. दर वेळी सारखाच वागणारा प्रोग्रॅम असेल तर तो तीन वेळा चालवून प्रत्येक वेळी चारच घटना मोजणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. सतत नव्या विनंत्या हाताळणाऱ्या सर्व्हरवर मात्र ही सोय नसते, कारण तिथला कालचा तास आजच्यासारखा नसतो.

गुणोत्तर हवे असेल तर घटना एकत्र बांधाव्या लागतात

एकट्या आकड्यापेक्षा बहुधा दोन आकड्यांचे गुणोत्तर कामाचे असते. दर ठोक्याला किती सूचना झाल्या, किंवा कॅशकडे गेलेल्या शंभर मागण्यांपैकी किती फुकट गेल्या, हे पाहायचे असते. इथेच घोडे पेंड खाते. मागण्या एका पाळीत मोजल्या आणि फुकट गेलेल्या मागण्या दुसऱ्या पाळीत, तर ते दोन आकडे दोन वेगळ्या काळांचे असतात. त्यांच्या भागाकारातून कधी कधी शंभर टक्क्यांहून अधिक मागण्या फुकट गेल्या असेही दिसते. असा अशक्य आकडा आला तर निदान शंका तरी येते. अधिक धोका आहे तो चुकीच्या पण शक्य वाटणाऱ्या आकड्याचा.

यासाठी ‘गट’ ही सोय आहे. पर्फच्या आज्ञेत काही घटना महिरपी कंसात घातल्या की त्यांचा गट बनतो. कर्नल गटाला अखंड मानतो: बसवायचा तर सगळा, नाहीतर कोणीच नाही. तो आधी गटातल्या सर्व घटना तात्पुरत्या मांडून पाहतो, मग सर्वांची मिळून जुळणी होते का हे एकदाच तपासतो, आणि एकीचीही सोय होत नसेल तर सगळ्यांना परत रांगेत पाठवतो. गटातल्या घटना नेहमी एकाच काळात मोजल्या जात असल्यामुळे, मोजलेला काळ एकूण काळाच्या ४० टक्के असला तरी त्यांच्यातले गुणोत्तर त्या काळापुरते खरे असते.

गट मोठा करत नेण्याला अर्थातच मर्यादा आहे. प्रोसेसरवर जो कधीच मावणार नाही असा गट कर्नल विनंतीच्या वेळीच नाकारतो. त्यासाठी तो एक रिकामा कोअर कल्पून त्यावर हा गट बसतो का ते पाहतो. या ‘रिकाम्या’ शब्दात एक खाच आहे, आणि ती पुढच्या मुद्द्याशी जोडलेली आहे.

रांग न लावता बसणारे

रांगेत सगळे सारखे नसतात. ‘खिळवलेली’ घटना म्हणून मागणी केली तर तिला पाळी लागू होत नाही. ती बसली की बसली. तिला जागा मिळाली नाही तर ती त्रुटीच्या स्थितीत जाते, आणि मग तिचा आकडा वाचायला गेल्यास काहीच हाती येत नाही. जागा देताना कर्नलचा क्रम ठरलेला आहे: संपूर्ण कोअरसाठी मागितलेल्या खिळवलेल्या घटना सर्वांत आधी, मग एखाद्या प्रोग्रॅमपुरत्या मागितलेल्या खिळवलेल्या घटना, त्यानंतर कोअरच्या लवचिक, म्हणजे पाळी लागू होणाऱ्या, घटना आणि शेवटी प्रोग्रॅमच्या लवचिक घटना. सामान्य वापरकर्ता आपला प्रोग्रॅम मोजतो तेव्हा तो बहुधा या शेवटच्या वर्गात असतो.

पहिल्या वर्गात एक पाहुणा अनेक संगणकांवर कायम मुक्कामाला असतो. कोअर अडकून पडला आहे का, यावर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी घड्याळाचे ठोके मोजण्यासाठी एक काउंटर खिळवून ठेवतो. ठरावीक ठोके भरले की तो काउंटर न टाळता येणारा इंटरप्ट उठवतो, आणि त्या वेळी कोअर पुढे सरकलेला दिसला नाही तर धोक्याची सूचना दिली जाते. उपयोग मोठा आहे यात शंका नाही, पण एक काउंटर कायमचा गेलेला असतो. म्हणून चार जागा भरणारा गट विनंतीच्या वेळी, कल्पित रिकाम्या कोअरवर, उत्तीर्ण होतो आणि प्रत्यक्षात कधीच बसत नाही. वापरकर्त्याला कोणतीही त्रुटी दिसत नाही; शेवटी फक्त ‘मोजले नाही’ एवढेच दिसते. अशा वेळी पर्फ स्वतःच यादीखाली पहारेकरी बंद करून पाहण्याची सूचना छापतो. ती पाळायला हरकत नाही, फक्त काम झाल्यावर तो परत चालू करायला विसरू नये.

हे सगळे कर्नलनेच का करायचे?

ही रजिस्टरे लिहिण्याचा अधिकार फक्त कर्नलला असतो, हे झाले साधे उत्तर. पण कोणती घटना कोणत्या काउंटरवर जाईल याचा हिशेब बाहेरच्या प्रोग्रॅमने करावा आणि कर्नलने तो फक्त अमलात आणावा, हाही एक मार्ग होता. स्टेफान एरानियन यांच्या पर्फमॉन२ या प्रकल्पाची रचना तशी होती; घटनांच्या अटींची माहिती तिथे कर्नलबाहेरच्या लायब्ररीत ठेवलेली होती. डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी याहून वेगळी मांडणी पुढे आणली: वापरकर्त्याने फक्त घटना सांगावी, बाकीची जुळवाजुळव कर्नल पाहील. त्यावर बरीच वादावादी झाली, आणि २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ मध्ये हीच दुसरी मांडणी दाखल झाली.

कर्नलमध्ये गुंतागुंत नको, हा पर्फमॉन२ च्या बाजूचा आक्षेप वजनदार होता. पण एकाच वेळी पहारेकरी, व्यवस्थापकाचे देखरेखीचे साधन आणि कोणीतरी चालवलेला पर्फ असे तिघे काउंटर मागत असतील, तर बाहेरून हिशेब करणाऱ्या प्रत्येकाला इतर दोघांचा पत्ताच नसतो. सर्वांच्या मागण्या एकत्र दिसणारी जागा एकच आहे.

शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो, हे पुढे आणखी ठळक झाले. सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल या इंटेलच्या पिढ्यांमध्ये एक दोष आढळला: एकाच कोअरवरच्या दोन थ्रेडपैकी एकावर मेमरीशी संबंधित काही घटना मोजल्या, तर शेजारच्या थ्रेडच्या त्याच क्रमांकाच्या काउंटरमध्ये त्यांचे आकडे झिरपून तिथली मोजणी बिघडायची. शेजारी पूर्णपणे वेगळ्या वापरकर्त्याचा प्रोग्रॅम असू शकतो, आणि आपला आकडा का वाढला हे त्याला कधीच कळले नसते. २०१५ मध्ये लिनक्स ४.१ मध्ये यावर उपाय आला: अशी घटना एका थ्रेडवर बसली की शेजारचा त्याच क्रमांकाचा काउंटर रिकामा ठेवला जाऊ लागला. काउंटर आणखी कमी पडू लागले, पण आकडे शुद्ध राहिले. हा निर्णय दोन्ही थ्रेड दिसणाऱ्या कर्नलशिवाय कोणालाही घेता आला नसता.

दोन जातींचे कोअर आणि १६ कोटींचा आकडा

२०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या अॅल्डर लेकपासून घराघरातल्या संगणकांतही एकाच चिपवर मोठे, वेगवान कोअर आणि लहान, वीज वाचवणारे कोअर असे दोन प्रकार दिसू लागले. आर्मच्या फोनमध्ये ही रचना त्याआधीपासूनच होती. दोन्ही जातींचे काउंटर वेगळे आणि घटनांच्या याद्याही वेगळ्या असतात, त्यामुळे कर्नल त्यांना दोन स्वतंत्र मोजणी-यंत्रणा मानतो. ‘घड्याळाचे ठोके मोज’ एवढेच सांगितले तरी पर्फ दोन घटना उघडतो, एक मोठ्या कोअरसाठी आणि एक लहान कोअरसाठी, आणि यादीत दोन ओळी येतात.

प्रोग्रॅम लहान कोअरवर असतो तेव्हा मोठ्या कोअरची घटना बसवताच येत नाही. तिची ‘विनंती चालू’ असल्याची वेळ मात्र पुढे सरकत राहते, आणि शेवटी पर्फ तोच जुना गुणाकार करतो. पर्फच्या सोबतच्या माहितीपत्रातच याचा नमुना दिलेला आहे. तिथे एक प्रोग्रॅम लहान कोअरवर बांधून चालवला आहे, तरीही मोठ्या कोअरच्या ओळीत १६,०४,४४,०९२ ठोके दिसतात आणि शेजारी ०.४७% लिहिलेले आहे. आकडा १६ कोटींचा, पण त्याच्या ०.४७ टक्के म्हणजे जेमतेम साडेसात लाख. प्रत्यक्षात मोजले गेले ते एवढेच, बहुधा लहान कोअरवर बांधले जाण्याआधीच्या क्षणभरात. बाकीचे ठोके मोठ्या कोअरवर कधी पडलेच नाहीत.

मल्टिप्लेक्सिंगमध्ये हा गुणाकार निदान एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर देत होता: घटना पूर्ण वेळ मोजली असती तर आकडा किती आला असता? इथे तोच गुणाकार ‘हा प्रोग्रॅम पूर्ण वेळ मोठ्या कोअरवर चालला असता तर’ असा प्रश्न गृहीत धरतो, आणि तो बहुधा कोणी विचारलेला नसतो. दोन्ही ओळींची बेरीज करून एकूण ठोके काढायला गेले तर हिशेब आणखी बिघडतो. अशा चिपवर पर्फला ‘नो-स्केल’ हा पर्याय देऊन कच्चे आकडे घ्यावेत. विचारलेल्या घटना काउंटरच्या संख्येत मावत असतील, तर दोन्ही जातींच्या कच्च्या आकड्यांची बेरीज हीच खरी मोजणी असते, आणि कंसातली टक्केवारी मग प्रोग्रॅमने कोणत्या जातीच्या कोअरवर किती वेळ काढला एवढेच सांगते.